छोटा श्वान, मोठी कसोटी

श्वानप्रदर्शनात कुत्र्यांची परस्परांशी तुलना होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात परीक्षक प्रत्येक श्वान त्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहतो. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे घरोघरी परिचित झालेल्या 'पग'चेच उदाहरण घेऊ. ब्रिटनच्या 'केनेल क्लब'च्या मानकानुसार त्याचे आदर्श वजन ६.३ ते ८.१ किलो असावे. शरीर चौकोनी व घट्ट बांध्याचे, डोके गोल, डोळे काळेभोर आणि शेपटी कमरेवर घट्ट वळलेली असावी.

छोट्या जातींचे श्वान टेबलावर उभे करून तपासले जातात. दाट केसांआडचे दोष डोळ्यांना दिसत नाहीत, ते हाताला जाणवतात. परक्या स्पर्शाने बिचकणारा किंवा गुरगुरणारा श्वान येथेच मागे पडतो. त्यानंतर चाल पाहिली जाते. मागच्या भागाची किंचित डुलती लय ही पगची खूण मानली जाते.

मात्र रूपाच्या हव्यासाची किंमत श्वानालाच मोजावी लागते. चेहरा जितका चपटा, तितका श्वसनाच्या त्रासाचा धोका अधिक. २०१२मध्ये 'क्रफ्ट्स' या विख्यात प्रदर्शनात काही जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यकीय तपासणी सुरू झाली आणि पेकिनीजसह सहा जातींचे विजेते तीत अनुत्तीर्ण ठरले. पगच्या मानकातही आता रुंद, मोकळ्या नाकपुड्यांचा आग्रह आहे. पिल्लू घरी आणणाऱ्यांनीही चेहऱ्याच्या गोंडसपणाआधी त्याचा श्वास मोकळा आहे ना, हे पाहावे.