विक्का : इंग्लंडमध्ये जन्मलेला एक तरुण धर्म

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १९४४ साली हेलन डंकन या बाईंवर खटला चालला. मृतात्म्यांशी बोलणं करून देते, असं सांगून त्या बैठका भरवत. त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली ती १७३५च्या ‘विचक्राफ्ट ॲक्ट’खाली. चेटूक खरं असतं, असं हा कायदा मानत नव्हता. आपल्या अंगी तशी शक्ती आहे असा आव आणणाऱ्याला तो शिक्षा देत असे. पुढे मृतात्मवादी मंडळींनी पाठपुरावा केला आणि १९५१ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ नावाचं पुस्तक बाजारात आलं. इंग्लंडच्या रानावनात एक प्राचीन धर्म गुप्तपणे तग धरून आहे आणि आपण स्वतः त्याची दीक्षा घेतली आहे, असं लेखकाचं म्हणणं होतं. लेखक होते सत्तरीला टेकलेले एक निवृत्त कस्टम अधिकारी, जेराल्ड गार्डनर.

गार्डनर यांचा जन्म १८८४ सालचा, लिव्हरपूलजवळचा. लहानपणापासून दम्याचा त्रास, त्यामुळे शाळा अशी फारशी झालीच नाही. तरुणपणी ते सिलोनच्या चहामळ्यांत गेले, मग बोर्निओत, मग मलायात. रबराचे मळे आणि कस्टम खात्याची नोकरी करता करता स्थानिक लोकांच्या श्रद्धा, मंत्रतंत्र आणि हत्यारं यांचा त्यांना नाद लागला. मलायातल्या ‘क्रिस’ या नागमोडी पात्याच्या खंजिरावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९३६ साली आलं, आणि त्याच वर्षी निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. काही काळाने दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलपट्ट्याजवळ त्यांनी बिऱ्हाड केलं. तिथे एका गुप्त मंडळाशी ओळख झाली आणि १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा मिळाली, असं ते सांगत.

अशा मंडळाला ‘कोव्हेन’ म्हणतात. परंपरेने त्यात जास्तीत जास्त तेरा माणसं असतात. प्रत्यक्षात पाच-सात जणांचीही मंडळं चालतात. प्रत्येक कोव्हेन स्वतंत्र. वर कुणी पोप नाही, शंकराचार्य नाही, सर्वांना बांधून ठेवणारा एखादा धर्मग्रंथही नाही. दीक्षेच्या वेळी गुरूच्या वहीतून शिष्याने आपल्या वहीत विधी उतरवून घ्यायचे, अशी रीत आहे. या वहीचं नाव ‘बुक ऑफ शॅडोज’. शिष्य पुढे तिच्यात स्वतःच्या अनुभवाची भर घालतो.

या धर्माचे, म्हणजे विक्काचे, अनुयायी मुख्यतः एक देवी आणि एक देव मानतात. देवी चंद्राची, तिची कुमारी, माता आणि वृद्धा अशी तीन रूपं चंद्राच्या वाढीशी आणि क्षयाशी जोडलेली. देव शिंगांचा, रानाचा आणि शिकारीचा; वर्षाबरोबर तो जन्मतो, तारुण्यात येतो, मरतो आणि पुन्हा जन्मतो. काहींच्या मते या दोन खऱ्याखुऱ्या शक्ती आहेत, काहींना त्या निसर्गाच्या दोन बाजू वाटतात, तर काही जण त्यांना मनातली प्रतीकं समजतात. एकाच वर्तुळात हे तिन्ही मतांचे लोक शेजारी शेजारी उभे राहतात, कारण विक्कात मतापेक्षा आचाराला महत्त्व आहे. बहुतेक जण पुनर्जन्म मानतात. मेल्यानंतर आणि पुन्हा जन्मण्याआधी जीव जिथे विसावतो, त्या ठिकाणाला ते ‘समरलँड’ म्हणतात. सैतान मात्र यात कुठेच नाही. तो ख्रिस्ती धर्मकल्पनेतला. विक्काच्या देवमंडळात त्याला जागाच नाही. शिंगांच्या देवाची आणि सैतानाची गल्लत करून या लोकांवर वर्षानुवर्षं आरोप झाले आणि त्यापायी त्यांनी फार सोसलं आहे.

प्रत्यक्ष विधी कसा चालतो, हे पाहिलं की बरीच भीती ओसरते. मंडळ रात्री जमतं, अनेकदा पौर्णिमेला. जागा म्हणजे कुणाचा तरी दिवाणखाना, परसबाग किंवा रानातली मोकळी जागा. आधी जमीन केरसुणीने प्रतीकात्मक झाडून घेतात. वेदीवर मेणबत्त्या, धूपपात्र, पेला, छडी, पंचकोनी तारा कोरलेली तबकडी आणि ‘अथामे’ हा काळ्या मुठीचा सुरा मांडलेला असतो. अथामेने काहीही कापायचं नसतं. त्याची धार बोथट असली तरी बिघडत नाही. झाडपाला कापायला पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी असते. पाणी आणि मीठ मंत्रून एकत्र करतात, ते सभोवार शिंपडतात. मग पुरोहिता अथामेचं टोक जमिनीकडे धरून वर्तुळ आखते. जुन्या पाठाप्रमाणे या वर्तुळाचा व्यास नऊ फूट. फिरायचं ते उजवीकडून, आपल्याकडच्या प्रदक्षिणेसारखं. त्यानंतर चार दिशांना आवाहन होतं: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी.

पौर्णिमेच्या विधीचा गाभा म्हणजे ‘ड्रॉइंग डाउन द मून’. पुरोहित पुरोहितेच्या ठायी देवीला आवाहन करतो, आणि मग ती देवी होऊन बोलते. त्या वेळी म्हटलं जाणारं गद्यस्तोत्र आज जगभरच्या विक्का मंडळांत चालतं, ते डोरीन व्हॅलियंटे यांच्या हातून घडलेलं आहे. १९५३ मध्ये गार्डनर यांच्याकडून दीक्षा घेतलेल्या या बाईंच्या लक्षात आलं की विधींमधला बराच मजकूर ॲलिस्टर क्राउली या गूढवाद्याच्या लेखनातून उचललेला आहे. तसं त्यांनी गार्डनरना तोंडावर सांगितलं आणि मग स्वतःच बसून बराच भाग नव्याने लिहिला. विक्काची आजची भाषा मोठ्या प्रमाणात त्यांनी दिलेली आहे.

आवाहनानंतर मंडळी फेर धरतात, एक सूर लावून जप करतात. त्यातून शक्ती गोळा होते आणि ती एखाद्या कामासाठी, म्हणजे आजाऱ्याला आराम पडावा, कुणाला काम मिळावं यासाठी पाठवता येते, अशी त्यांची श्रद्धा आहे. शेवटी केक आणि वाइनचा प्रसाद, देवतांना निरोप, आणि वर्तुळ मोडून गप्पा व जेवण. गार्डनर निसर्गावस्थेत राहण्याच्या चळवळीतले होते. त्यांच्या परंपरेत हे विधी विवस्त्र होऊन करतात. इतर बऱ्याच शाखांत झगे घालतात किंवा साध्या कपड्यांत येतात.

पौर्णिमांखेरीज वर्षाचे आठ सण असतात. चार सूर्याचे: दोन अयनबिंदू आणि दोन संपात. उरलेले चार त्यांच्या मध्ये येणारे. ३१ ऑक्टोबरचा सॅव्हिन हा पितरांच्या स्मरणाचा. अनेक जण त्याला वर्षारंभ मानतात. त्या रात्री गेलेल्यांचे फोटो मांडतात, काही घरांत त्यांच्या नावाचं पान वाढून ठेवतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बॉल्क, १ मेच्या सुमारास बेल्टेन, १ ऑगस्टला धान्याच्या पहिल्या कापणीचा लामास. हे चक्र इंग्लंडच्या ऋतूंवर बेतलेलं आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियातले बहुतेक अनुयायी ते सहा महिन्यांनी उलटं फिरवतात. ऑक्टोबरअखेर तिथे वसंत असतो, म्हणून सॅव्हिन एप्रिलच्या शेवटी येतो. पंचांगापेक्षा पायाखालची जमीन काय सांगते, ते या धर्मात मोठं.

नीतीचे नियम थोडे आहेत. कुणाचं नुकसान होत नसेल तर मनाजोगतं करावं, हा मुख्य दंडक. त्याच्या जोडीला ‘तिप्पट परतफेडी’चा समज: आपण जगात जे पाठवतो, ते तिपटीने आपल्याकडे येतं. दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध वशीकरण करणं अनेक अनुयायांना याच कारणाने निषिद्ध वाटतं.

या धर्माबद्दल आदर वाटावा, अशी गोष्ट त्याच्या इतिहासात आहे. गार्डनर यांचा ‘प्राचीन धर्मा’चा दावा मार्गारेट मरे या विदुषीच्या १९२१च्या ग्रंथावर टेकलेला होता. चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्या बाया हा जुना धर्म पाळत होत्या, असा मरे यांचा सिद्धांत. इतिहासकारांनी तो पुढे खोडून काढला. युरोपात नव्वद लाख स्त्रियांना जाळलं, हा आकडाही बरीच वर्षं सांगितला जाई. आजचे अभ्यासक मृत्युदंडांची संख्या साधारण चाळीस ते साठ हजार धरतात. त्यांत पुरुषही होते, आणि इंग्लंडमध्ये तर या गुन्ह्याला जाळण्याची नव्हे, फाशीची शिक्षा होती.

मग प्रश्न उरला न्यू फॉरेस्टच्या मंडळाचा. त्या मंडळातल्या म्हणून गार्डनर यांनी डोरोथी क्लटरबक या बाईंचं नाव घेतलं होतं. अशी कुणी बाई नव्हतीच, असं बोललं जाऊ लागलं, तेव्हा १९८० मध्ये डोरीन व्हॅलियंटे यांनी शोध हाती घेतला. त्या जन्ममृत्यूच्या नोंदी चाळत राहिल्या आणि अखेर माग लागला: डोरोथीबाई खऱ्या होत्या, १८८० साली भारतात जन्मलेल्या, लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. बाई अस्तित्वात होत्या, हे सिद्ध झालं. त्या गुप्त धर्म पाळत होत्या, हे मात्र झालं नाही. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने त्यांच्या रोजनिशा पाहिल्या आणि त्यांतून त्यांना दिसली ती चर्चला मानणारी, प्रतिष्ठित बाई. हटन यांचा ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ हा ग्रंथ १९९९ मध्ये आला. विक्का हा विसाव्या शतकात, जुन्या लोकरूढी, गुप्तसंस्थांचे विधी आणि रोमँटिक काव्य यांच्या संगमातून घडलेला धर्म आहे, हे त्यांनी त्यात दाखवलं. अनुयायांपैकी काहींना ते झोंबलं. पण बहुतेकांनी पुस्तक वाचलं, मान्य केलं आणि पौर्णिमेला वर्तुळात उभं राहणं चालू ठेवलं. धर्माच्या उगमाची चिकित्सा आतल्याच माणसाने सुरू करावी आणि तिचा निकाल पचवून पुढे जावं, हे धाडस मोठं आहे.

१९६०च्या दशकात रेमंड बकलंड यांनी ही परंपरा अमेरिकेत नेली. तिथे तिला स्त्रीमुक्ती आणि पर्यावरणाच्या चळवळी भेटल्या. झुझाना बुडापेस्ट यांनी १९७१ मध्ये फक्त स्त्रियांचं मंडळ काढलं. स्टारहॉक यांचं ‘द स्पायरल डान्स’ १९७९ मध्ये आलं. मग १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्याने विक्का पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक लिहिलं आणि दीक्षेविना घरच्या घरी साधना करणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

मान्यता मात्र भांडून मिळवावी लागली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने एका कैद्याला पूजासाहित्य देण्याचं नाकारलं, पण त्याच निकालात विक्का हा घटनेचं संरक्षण मिळणारा धर्म आहे, असं म्हटलं. २००५ मध्ये अमेरिकी सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट अफगाणिस्तानात मारले गेले. स्मृतिफलकावर त्यांच्या धर्माचं पंचकोनी चिन्ह कोरायला सरकार तयार नव्हतं. त्यांच्या पत्नीने आणि इतर कुटुंबांनी लढा दिला आणि एप्रिल २००७ मध्ये ते चिन्ह अधिकृत यादीत आलं. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी ‘विक्का’ असा धर्म नोंदवला. ‘पेगन’ लिहिणारे ७४ हजार.

भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी आपण विक्कन असल्याचं उघडपणे सांगितलं आणि ‘बिलव्हेड विच’ हे आत्मचरित्र लिहिलं. मराठी वाचकाने इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. सातपुड्यात नंदुरबारकडे ‘डाकीण’ ठरवून बायांना मारझोड होते, गावाबाहेर काढलं जातं. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आहे ते अशा क्रौर्याच्या आणि फसवणुकीच्या विरोधात. तिथे बाईवर ठपका दुसरे ठेवतात. विक्कात माणूस स्वखुशीने, मोठेपणी, विचार करून येतो.

आणि येणंही सोपं नाही. विक्का धर्मप्रचार करत नाही. गार्डनर यांच्या परंपरेतल्या कोव्हेनकडे इच्छुकाने स्वतः विचारणा करायची. प्रथा म्हणून वर्षभर आणि वर एक दिवस शिकायचं, एकमेकांना जोखायचं, आणि मग तीनपैकी पहिली दीक्षा. तिचे पैसे घ्यायचे नाहीत, हा या परंपरेतला कडक संकेत आहे. अल्पवयीनांना बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. देव-देवी या जोडीवर उभ्या असलेल्या विधींत समलिंगी आणि तृतीयपंथी साधकांचं स्थान काय, यावर सध्या मंडळामंडळांत वाद झडतात. काहींनी जुना पाठ तसाच ठेवला, काहींनी बदलला. वरून हुकूम देणारं कुणी नसल्याने ज्या त्या कोव्हेनला हा निर्णय आपापसात बसूनच घ्यावा लागतो.