वालूरची बारव आणि कावळ्याचा पाय

डेटाबेसची रचना चित्रातून करू देणारं सॉफ्टवेअर बनवताना चाचणीला ग्राहक-ऑर्डर-बिल हे ठरलेलं उदाहरण घेऊ नये. त्यात सगळं आधीच सरळ केलेलं असतं. कसलंही साधन त्यात पास होतं. मी मराठवाड्यातल्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, घेतल्या आणि पहिली नोंद केली सेलू तालुक्यातल्या वालूरची.

पडद्यावर एक चौकट: बारव. आत कॉलम: नाव, गाव, जिल्हा, प्रकार. पहिला अडला तो जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा निघाला आणि औंढा नागनाथ तिकडे गेलं. प्रत्येक बारवेपुढे जिल्हा लिहिलेला असेल, तर तिथली एकेक नोंद शोधून दुरुस्त करत बसा. बारव गावाला, गाव तालुक्याला, तालुका जिल्ह्याला जोडलेला असेल, तर तालुक्याची एक नोंद बदलली की झालं.

प्रकाराचा कॉलम वालूरनेच मोडला. ‘अपराजितपृच्छा’ या ग्रंथात प्रवेश किती यावरून नंदा, भद्रा, जया, विजया असे प्रकार येतात. वालूरच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, आणि त्याबद्दल ही यादी काहीच बोलत नाही. म्हणून प्रवेशांची संख्या वेगळी, पायऱ्यांची रचना वेगळी.

मग चौकटी जोडणाऱ्या रेषा. माहितीतली नाती आकृतीने दाखवायची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली. महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना ती भेटते एल्मास्री-नवाथे यांच्या जाडजूड पुस्तकात. मी मात्र चेन यांची नव्हे, दुसऱ्या पद्धतीची खूण घेतली: रेषेच्या टोकाला तीन बोटं, म्हणजे कावळ्याचा पाय, काढला की अर्थ होतो ‘अनेक’. एका गावात अनेक बारवा, पण एक बारव एकाच गावाची. माझं साधन रेषा ओढताक्षणी थांबतं आणि विचारतं: एक की अनेक? उत्तर मिळेपर्यंत रेषा तुटक राहते.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते नाव बदलण्याने. कुणी ‘गाव’ कॉलमचं नाव ‘गावाचे_नाव’ केलं, की जुनं आणि नवं चित्र नुसत्या नावांवरून ताडणारं साधन समजतं की एक कॉलम गेला आणि दुसरा आला. ते तसाच एसक्यूएल आदेश लिहितं. जुना कॉलम आतल्या माहितीसकट उडतो, नवा रिकामा उभा राहतो. चित्रात मात्र सगळं ठीक दिसतं! यावर उपाय असा, की प्रत्येक कॉलमला जन्मतःच एक न बदलणारा आतला क्रमांक द्यायचा आणि तुलना त्यावरून करायची. चौकट पडद्यावर कुठे आहे, ही माहितीही रचनेपासून वेगळी ठेवायची. नाहीतर नुसती चौकट सरकवली तरी डेटाबेस बदलल्याची सूचना येते.

गावाची नोंद पुसली तर तिथल्या बारवांचं काय? त्याही आपोआप पुसता येतात. माझं साधन आधी नकार देतं: या गावात बारवा आहेत, त्यांची सोय लावा. काहींना ही लुडबुड वाटते. हा नकार बंद करता येतो, पण ते बटण मी सेटिंगच्या दुसऱ्या पानावर, खाली ठेवलं आहे. मुद्दाम.