यारीचा चालक व परीक्षक : सुरक्षा-प्रशिक्षणाचा विचार

जड वस्तू जमिनीपासून उचलून, काही काळ अधांतरी धरून, नेमून दिलेल्या जागी ठेवणाऱ्या यंत्रास यारी अथवा रूढ भाषेत क्रेन असे म्हणतात. बंदर, पोलादाचा कारखाना, जहाजबांधणीची गोदी, पूल आणि उंच इमारत यांपैकी कोणतेही काम आज यारीवाचून होत नाही. तथापि या यंत्राचे एक वैशिष्ट्य असे की, इतर बहुतेक यंत्रांत बिघाड झाला असता यंत्र थांबते. यारीत मात्र बिघाड झाला असता भार खाली येतो, आणि तो कोणाच्या माथ्यावर येईल हे बिघाडाच्या क्षणी ठरते. म्हणूनच यारी चालविणारा चालक, भार बांधणारा खलाशी, इशारे देणारा सहायक आणि यंत्राची तपासणी करणारा परीक्षक या चौघांच्या शिक्षणाचा प्रश्न हा केवळ कारखान्याच्या सोयीचा प्रश्न न राहता जीवितरक्षणाचा प्रश्न ठरतो.

कायद्याने आरंभी अधिक भर यंत्राच्या तपासणीवर दिला असे दिसते. जहाजावर माल चढविणाऱ्या व उतरविणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९३२ मध्ये संकेत क्रमांक ३२ संमत केला व हिंदुस्थानात १९३४ मध्ये गोदी-कामगारांविषयीचा कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम २९ अन्वये उचलण्याचे प्रत्येक यंत्र, साखळी व दोर यांची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी व्हावी, त्यावर सुरक्षित कार्यभार स्पष्ट अंकित असावा आणि त्याहून अधिक भार उचलला जाऊ नये, असे बंधन घातले गेले. इंग्लंडमधील १९९८ च्या नियमांनी हा काळ माणसे उचलणारी साधने व भार बांधण्याची साधने यांच्याबाबत सामान्यतः सहा महिन्यांवर आणला आणि त्याबरोबरच प्रत्येक उचल सक्षम व्यक्तीने आधी योजलेली असावी, असा दंडक घातला. यंत्र निर्दोष असणे पुरेसे नसून कृतीही योजनाबद्ध असली पाहिजे, हा विचार त्यात स्पष्ट होतो.

चालकाच्या शिक्षणाचा पाया म्हणजे परिबलाची कल्पना होय. यारीवर लिहिलेला भार हा तिचा एकमेव, अचल असा गुणधर्म नव्हे. तो भुजेच्या पल्ल्यावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, एखाद्या फिरत्या यारीचे वजन २४ टन असून तिचा गुरुत्वमध्य उलटण्याच्या रेषेपासून ४ मीटर मागे आहे असे मानले, तर तिला स्थिर ठेवणारे परिबल ९६ टन-मीटर होईल. त्याच रेषेपासून ६ मीटर पुढे ८ टनांचा भार टांगल्यास उलटविणारे परिबल ४८ टन-मीटर, म्हणजे निम्मे होते. आता तोच भार, त्यात किलोभराचीही वाढ न करता, भुजा खाली करून १२ मीटरांवर नेला की दोन्ही परिबले समान होतात व यारी उलटण्याच्या सीमेवर येते. वस्तुतः सीमा त्याआधीच गाठली जाते. कारण भुजा खाली येताना तिचा स्वतःचा गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. ‘याच यारीने याच भाराची उचल सकाळी केली होती’ हा युक्तिवाद किती फसवा आहे हे यावरून ध्यानात येईल. यास्तव यारीसोबत मिळणारा भारतक्ता वाचता येणे, पल्ला मोजता येणे आणि आधारपायांखालील जमीन तो दाब सोसेल किंवा कसे हे विचारता येणे, या गोष्टी दांडे चालविण्याच्या कौशल्याइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाच्या आहेत.

भारतक्ता जे सांगत नाही तेही चालकास ठाऊक असावे लागते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय वारा केवळ यारीवरच नव्हे, तर टांगलेल्या भारावरही जोर करतो. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात मिलर पार्क या क्रीडागाराच्या छताचा ४०० टनांहून अधिक वजनाचा भाग उचलताना ‘बिग ब्लू’ नावाने ओळखली जाणारी प्रचंड यारी कोसळली आणि दुसऱ्या यारीच्या पाळण्यात उभे असलेले तीन पोलादकामगार मृत्युमुखी पडले. यारीवर पडणाऱ्या वाऱ्याच्या दाबाचा विचार झाला होता. परंतु छताच्या त्या विस्तीर्ण भागावर पडणारा दाब हिशेबात धरला गेला नव्हता. भाराचे वजन जाणणे म्हणजे भार जाणणे नव्हे, हा या दुर्घटनेचा बोध होय.

भार बांधण्याच्या शास्त्राकडे तर अनेकदा सर्वाधिक दुर्लक्ष होते. कारण ते काम अनुभवी हातांचे मानले जाते, गणिताचे नव्हे. २ टनांचा भार दोन सारख्या दोरांनी उचलला व दोर उभे असले, तर प्रत्येकावर १ टन ताण येतो. दोर क्षितिजाशी ६० अंशांचा कोन करीत असतील तर तो ताण सुमारे १.१५ टन, ४५ अंशांस सुमारे १.४१ टन आणि ३० अंशांस २ टन होतो. म्हणजे ३० अंशांच्या स्थितीत प्रत्येक दोर संपूर्ण भाराइतका ताण सोसत असतो. दोन दोर असण्याचा लाभ ताणापुरता तरी शून्य होतो. कृत्रिम धाग्याच्या पट्ट्यांच्या बाबतीत तीक्ष्ण कडेचा धोका याहून वेगळा व अधिक कपटी असतो. १५ मार्च २००८ रोजी न्यूयॉर्क शहरात मनोऱ्यासारखी उभी यारी उंच करण्याचे काम चालू असता, तिला इमारतीशी जखडणारे पोलादी कडे ज्या पॉलिएस्टरच्या पट्ट्यांनी टांगले होते ते तुटले. कडे खाली आदळले, यारी कोसळली व सात माणसे प्राणास मुकली. शेकडो टनांच्या यंत्राची सुरक्षितता हाताच्या रुंदीएवढ्या पट्ट्यांवर अवलंबून असू शकते, हे यावरून दिसते.

परीक्षकाचे काम याहून निराळ्या स्वरूपाचे आहे. चालक यंत्राचे वर्तन पाहतो. परीक्षकास यंत्राच्या पुढील वर्तनाचे अनुमान करावयाचे असते. पोलादी तारांचा दोर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. असा दोर सहसा एकाएकी निकामी होत नाही. त्यातील तारा कप्पीवरून वारंवार वाकून एकेक तुटू लागतात, गंज आतून पसरतो, व्यास कमी होतो. अमेरिकेच्या बांधकामविषयक नियमांनुसार चालत्या दोराच्या एका पिळाच्या लांबीत विखुरलेल्या सहा तारा, अथवा एकाच पेडातील तीन तारा तुटलेल्या आढळल्या, तर दोष गंभीर मानला जातो. मूळ व्यासाच्या ५ टक्क्यांहून अधिक झीज हाही असाच दोष होय. या आकड्यांचे प्रयोजन असे की, ‘दोर अजून चांगला दिसतो’ या मतास तेथे जागा राहू नये. तद्वतच आकड्याचे तोंड किती उघडले, जोडांत तडा गेला आहे काय, गतिरोधक भार धरून ठेवतो काय आणि मर्यादा ओलांडताच यंत्र थांबविणारी साधने खरोखर चालतात काय, हे प्रत्यक्ष मोजून व चालवून पाहावे लागते. स्वतः भारपरीक्षाही धोक्याची असते. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणम येथील हिंदुस्थान शिपयार्डमध्ये एक मोठी यारी चाचणीच्या वेळी कोसळून अकरा जण ठार झाले. ज्या यंत्राची खात्री अद्याप पटावयाची आहे, त्याच्या आवाक्यात आवश्यकतेहून अधिक एकही मनुष्य असू नये, हे परीक्षकाच्या शिक्षणातील पहिल्या पाठांपैकी एक असावयास हवे.

परंतु ज्ञानाबरोबर सचोटीचाही प्रश्न येतो. २००८ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या इमारत खात्यातील याऱ्यांच्या प्रमुख परीक्षकास अटक झाली. लाच घेऊन खोटे दाखले दिल्याचा व चालकांच्या परीक्षेत गैरप्रकार केल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. खोटा दाखला हा तपासणी न होण्यापेक्षाही घातक असतो. तपासणी झाली नाही हे ठाऊक असलेला मनुष्य निदान सावध राहतो. खोट्या दाखल्यावर विसंबणारा मनुष्य मात्र निर्धास्तपणे भाराखालून जातो.

यातूनच प्रमाणपत्राच्या मूल्याचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेत २०१० मध्ये बांधकामातील याऱ्यांसाठी नवे नियम झाले व चालकास प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्यावर बराच काळ वाद होऊन २०१८ मध्ये नियमांत सुधारणा झाली. तीनुसार प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि मूल्यमापन अशा तीन पायऱ्या निश्चित झाल्या. म्हणजे प्रमाणपत्र मिळविलेल्या चालकाचीही, तो जी विशिष्ट यारी चालविणार व जे विशिष्ट काम करणार त्या दृष्टीने, मालकाने प्रत्यक्ष पारख केली पाहिजे. परीक्षेतील यश सामान्य पात्रता दाखविते, कामावरील पारख विशिष्ट पात्रता दाखविते. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

याच नियमांतील आणखी दोन तरतुदी प्रशिक्षणाच्या दृष्टीने मननीय आहेत. सुरक्षिततेविषयी शंका आल्यास काम थांबविण्याचा व भार उचलण्यास नकार देण्याचा अधिकार चालकास आहे. आणि ‘थांबा’ हा इशारा कोणीही दिला तरी चालकाने तो पाळलाच पाहिजे. इतर सर्व इशारे नेमलेल्या व्यक्तीनेच द्यावयाचे, पण हा एक इशारा झाडूवाल्यापासून अभियंत्यापर्यंत कोणाचाही चालतो. कागदावरील असा अधिकार प्रत्यक्षात वापरला जाणे मात्र सोपे नसते. रोजंदारीवरील चालकास नकाराची किंमत स्वतःच्या भाकरीने मोजावी लागण्याची भीती असते, वर काम खोळंबल्याचा ठपका असतो. म्हणून नकार देण्याचे शिक्षण चालकास देताना नकार ऐकून घेण्याचे शिक्षण मुकादमास, ठेकेदारास व अभियंत्यास देणे तितकेच अगत्याचे ठरते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या या दुसऱ्या वर्गात बसणार आहेत.

महाराष्ट्रालाही या विषयाची जाणीव कठोरपणे झाली आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता, तुळया बसविण्याचे यंत्र कोसळून वीस जणांचा अंत झाला. अशा यंत्रांचा उपयोग येत्या काळात वाढतच जाणार; त्यांची उंची व क्षमताही वाढणार. त्या प्रमाणात चालकाचे गणित, खलाशाचे कौशल्य, परीक्षकाची नि:स्पृहता आणि अधिकाऱ्याची ऐकून घेण्याची तयारी वाढली नाही, तर वाढलेली क्षमता हीच वाढलेली हानी ठरेल. भाराखाली उभ्या असणाऱ्या मनुष्यास यांपैकी कोणाचेही नाव ठाऊक नसते. त्याचा जीव मात्र या चौघांच्याही शिक्षणावर टांगलेला असतो.