यूबा सिटी : लोकसंख्येची वांशिक घटना

यूबा सिटी हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्निया राज्याच्या सटर परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ७०,११७ (२०२०). सॅक्रामेंटो या राजधानीच्या उत्तरेस सु. ६५ किमी. अंतरावर, फेदर नदीच्या पश्चिम काठी हे वसले असून नदीच्या पूर्व काठावर मेरीझव्हिल हे जोडशहर आहे. आसमंतात पीच, प्रून व अक्रोड यांच्या बागा आणि भातशेती आहे. फळे सुकविणे व डबाबंद करणे हे येथील जुने उद्योग होत. भारताबाहेरील जुन्या पंजाबी वसाहतींपैकी एक म्हणून या शहराचा उल्लेख केला जातो. ‘वंश’ या संज्ञेचा अर्थ शासन व न्यायालये यांच्या हाती कसा बदलत गेला, हे समजण्यासही येथील लोकसंख्येचा इतिहास उपयुक्त आहे.

पूर्वेतिहास : यूरोपीय लोक येण्यापूर्वी या खोऱ्यात मैदू गटातील निसेनान जमातीची वस्ती होती. १८३३ मध्ये सॅक्रामेंटो खोऱ्यात पसरलेल्या हिवतापाच्या साथीत मूळ रहिवासी फार मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले; उरलेल्यांना १८४८ नंतरच्या सोन्याच्या शोधाने आकृष्ट झालेल्या लोंढ्याने विस्थापित केले. यूबा सिटीची आखणी १८४९ मध्ये झाली, तथापि व्यापाराचे केंद्र मेरीझव्हिलच राहिले. खाणींवर आलेले चिनी लोक तेथे स्थिरावले व १८८० मध्ये त्यांनी बांधलेले बोक काई मंदिर आजही उभे आहे. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्यामुळे त्यांची आवक थांबली आणि शेतमजुरांची उणीव जपानी व त्यांच्यामागून भारतीय मजुरांनी भरून काढली. जपानी वंशीयांना दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४२ मध्ये, स्थानबद्ध करण्यात आले. त्यासाठी मेरीझव्हिलजवळ आर्बोगा येथे तात्पुरती छावणी उघडून तेथून लोकांना टूल लेक येथील मोठ्या छावणीत हलविण्यात आले.

गोऱ्या वस्तीतही सर्व एकाच काळी आलेले नाहीत. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या वंशजांखेरीज १९३० नंतरच्या दशकात अवर्षण व धुळीची वादळे यांमुळे ओक्लाहोमा, आर्कॅन्सॉ व टेक्सस या राज्यांतून निघालेली निर्धन कुटुंबे येथील बागांत कामास आली. त्यांच्यासाठी संघराज्य शासनाने उघडलेल्या पहिल्या छावण्यांपैकी एक मेरीझव्हिल येथे होती (१९३५). वर्णाने गोरे असूनही स्थानिक रहिवासी या आगंतुकांना हलके लेखीत.

पंजाबी वसाहत : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जलंदर, होशियारपूर व लुधियाना या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचे तरुण पॅसिफिक किनाऱ्यावर उतरू लागले. त्यांतील बहुसंख्य शीख होते. काही मुसलमान व थोडे हिंदू होते. तेथे मात्र सर्वांनाच ‘हिंदू’ म्हणत. रेल्वेमार्गाचे बांधकाम, लाकडाच्या गिरण्या व शेवटी शेती अशा क्रमाने त्यांची उपजीविका बदलत गेली. आरंभापासूनच त्यांना विरोध झाला. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथून त्यांना हुसकावण्यात आले आणि १९०८ च्या जानेवारीत यूबा सिटीच्या उत्तरेस असलेल्या लाइव्ह ओक या गावी जमावाने भारतीय मजुरांची वस्ती उठविली.

जमावापेक्षाही कायद्याने घातलेली बंधने दूरगामी ठरली. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या जमीनविषयक कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशीयांना शेतजमीन खरेदी करण्यास मनाई केली व १९२० मध्ये हा निर्बंध अधिक कडक केला. १९१७ च्या संघराज्यीय कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भाग ‘वर्ज्य प्रदेश’ ठरविला. त्यामुळे नवे लोक येणे थांबलेच, शिवाय आधी आलेल्यांना बायकामुले आणणेही अशक्य झाले.

भारतीय मनुष्य ‘गोरा’ की काय, हा प्रश्न नागरिकत्वाच्या संदर्भात न्यायालयांपुढे आला, कारण परदेशी जन्मलेल्यांपैकी गोरे व आफ्रिकी वंशाचे लोक यांनाच तेव्हा नागरिक होता येत असे. मुंबईकडील पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यायालयाने १९१० मध्ये गोरे मानून नागरिकत्व मान्य केले होते. परंतु १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निराळा निर्णय दिला. उत्तर भारतीयांची गणना शास्त्रज्ञ ‘कॉकेशियन’ वंशात करीत असले, तरी सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. पुढे कित्येक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. जमीनविषयक कायदा आता त्यांनाही लागू झाला, म्हणून शेतकरी आपली जमीन विश्वासू गोऱ्या वकिलाच्या वा परिचिताच्या अथवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे करू लागले. अशा व्यवहारात सारी भिस्त दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर असे.

पत्नी आणता येत नसल्याने काही पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. राज्याच्या कायद्याने भिन्नवंशीय विवाहांवर निर्बंध होते. तथापि वधू व वर यांचा वर्ण सारखाच दिसतो, एवढ्यावरून परवाना देणारे अधिकारी अशा विवाहांना सहसा हरकत घेत नसत. ही कुटुंबे मुख्यतः दक्षिणेकडील इंपीरियल खोऱ्यात होती, तथापि यूबा सिटीच्या परिसरातही काही होती. त्यांतील मुले घरात स्पॅनिश बोलत, बहुधा आईच्या कॅथलिक धर्मात वाढत आणि आडनाव मात्र सिंग लावीत. उत्तरेकडील बरेच पंजाबी अविवाहित राहिले किंवा पंजाबातील पत्नीला दशकानुदशके केवळ पैसे व पत्रे पाठवीत राहिले. १९४० च्या जनगणनेत सबंध देशात २,४०५ भारतीयच उरले होते.

पुनरुज्जीवन : १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार मिळाला व वर्षाला १०० जणांना प्रवेशाची मुभा झाली. त्यामुळे जमीन स्वतःच्या नावावर घेता येऊ लागली आणि जुन्या रहिवाशांनी पुतणे, भाचे यांना बोलाविण्यास प्रारंभ केला. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे रद्द करून कौटुंबिक संबंधांस प्राधान्य दिले. त्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे दुआबातून थेट यूबा सिटीत आली. शहराच्या पश्चिमेस टिएरा ब्वेना मार्गावर १९७० च्या सुमारास गुरुद्वारा उभा राहिला. १९८० पासून दर नोव्हेंबरमध्ये निघणारे नगरकीर्तन हे उत्तर अमेरिकेतील शिखांच्या मोठ्या मेळाव्यांपैकी एक आहे. दिदारसिंग बैन्स (मृत्यू २०२२) हे पीचचे मोठे बागाईतदार म्हणून प्रसिद्ध होते. २००९ मध्ये काश्मीर गिल व २०१७ मध्ये प्रीत दिडबाल या पंजाबी व्यक्तींची महापौरपदी निवड झाली.

हे परिवर्तन विनासंघर्ष झाले नाही. १९७० नंतरच्या काळात जमिनी वेगाने पंजाबी कुटुंबांच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा गोऱ्या रहिवाशांत अस्वस्थता पसरली आणि शाळांतून पंजाबी मुलांना अवहेलना सोसावी लागली. १९९४ मध्ये येथील नवी मशीद आग लावून जाळण्यात आली. ती पुढे पुन्हा बांधण्यात आली. पंजाबी समाजही एकजिनसी नाही. जुने व नवे, बागाईतदार व मजूर, शीख व मुसलमान असे भेद त्यात आहेत. मेक्सिकन पत्नींच्या संततीला १९६५ नंतर आलेल्या कुटुंबांनी आपल्यात पूर्णपणे सामावून घेतले नाही.

मेक्सिकन व इतर समूह : १९४२ ते १९६४ या काळातील ब्रासेरो करारान्वये मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्यात आले. करार संपल्यावरही स्थलांतर चालूच राहिले आणि हंगामी मजुरांची कुटुंबे कायमची वस्ती करून राहिली. आज पंजाबी लोकांहून हा समूह मोठा आहे. कृष्णवर्णी व मूळ अमेरिकन यांचे प्रमाण अल्प आहे.

जनगणनेतील वर्गवारी : २०१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६४,९२५ होती. वंशानुसार सु. ५८ टक्के लोकांनी स्वतःस गोरे व सु. १७ टक्के लोकांनी आशियाई म्हणून नोंदविले, कृष्णवर्णी सु. २·५ टक्के होते. सु. २८ टक्के लोक हिस्पॅनिक होते. परंतु हिस्पॅनिक असणे हा वंश न मानता त्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारला गेल्याने ही टक्केवारी वरील आकड्यांत अंतर्भूत आहे, त्यात मिळवावयाची नाही. २००० मध्ये लोकसंख्या ३६,७५८ होती. पुढील दशकातील मोठ्या वाढीत टिएरा ब्वेनासारख्या लगतच्या वस्त्या शहरात समाविष्ट झाल्याचाही वाटा आहे.

वेगवेगळ्या काळांतील आकड्यांची तुलना करताना वर्गांची नावे व व्याख्या लक्षात घेणे आवश्यक असते. १९२० ते १९४० या काळातील तीन जनगणनांत भारतीयांचा धर्म कोणताही असला, तरी ‘हिंदू’ हा त्यांचा वंश म्हणून नोंदला गेला. १९७० मध्ये त्यांची गणना गोऱ्यांत करण्यात आली. भारतीय संघटनांच्या मागणीनंतर १९८० पासून ‘आशियाई भारतीय’ असा निराळा वर्ग झाला, तर २०२० मध्ये शीख असे लिहून देणाऱ्यांसाठी प्रथमच स्वतंत्र संकेतांक ठरविण्यात आला. म्हणजे १९२० मध्ये येथे आलेल्या व १९८० पर्यंत हयात असलेल्या एखाद्या शीख शेतकऱ्याची नोंद प्रथम हिंदू, मग गोरा व अखेरीस आशियाई अशी झालेली असू शकते. वंश आणि हिस्पॅनिकत्व यांविषयी एकच प्रश्न विचारण्याचे मानक संघराज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. ते अंमलात आल्यास मेक्सिकन वंशीयांचे आकडेही आधीच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येणार नाहीत. येथील समाजाचे खरे स्वरूप जाणण्यासाठी जनगणनेला जमिनीच्या नोंदी, विवाहनोंदी व कौटुंबिक वृत्तांत यांची जोड द्यावी लागते.