स्वरचक्र (कळफलक)

स्वरचक्र हा स्मार्टफोनवर मराठी, हिंदी आदी भारतीय भाषांत टंकलेखन करण्यासाठी तयार केलेला मोफत कळफलक आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला. अँड्रॉइड प्रणालीसाठी तो २०१३ मध्ये उपलब्ध झाला. ज्याला वर्णमाला आणि बाराखडी येते, त्याला वेगळे प्रशिक्षण न घेता लिहिता यावे, हा त्याच्या रचनेमागील विचार आहे.

पार्श्वभूमी

देवनागरीत स्वरचिन्ह व्यंजनाच्या वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे येते. ‘कि’मधील वेलांटी उच्चारात ‘क’नंतर, तर लेखनात ‘क’च्या आधी असते, जोडाक्षरांची संख्या शेकड्यांत जाते. खिळेजुळणीला आणि टंकलेखन यंत्राला ही लिपी जड जात असल्याने विसाव्या शतकात लिपीतच फेरफार सुचवले गेले. वि. दा. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा (अि, अी, अु, अू) पुरस्कार केला. १९५३ च्या लखनौ येथील परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लिहिण्याचे ठरवले, पण ते रूप रुजले नाही. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे परमधाम आश्रम स्थापन करणारे विनोबा भावे यांनीही ‘लोकनागरी’ ही सुधारित लिपी मांडली. मात्र त्यांचा विचार यंत्राच्या सोयीपुरता नव्हता. भारतीय भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहिल्या जाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

संगणकामुळे अक्षर साठवणे आणि ते दाखवणे ही कामे वेगळी झाली. युनिकोडमध्ये ‘कि’ उच्चारक्रमानेच साठवला जातो. वेलांटी डावीकडे काढण्याचे काम आज्ञावली आणि टंक करतात. लिपी बदलण्याचे कारण त्यामुळे उरले नाही, अडचण उरली ती कळफलकाची. १९८६ मध्ये आलेला इनस्क्रिप्ट कळफलक तर्कशुद्ध आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. परंतु बाजारातील बहुतेक कळफलकांवर फक्त रोमन अक्षरे छापलेली असल्याने तो पाठ करावा लागतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत सोपी वाटते, पण ती मराठी लिहिण्याआधी दुसरी लिपी येण्याची अट घालते.

रचना

स्वरचक्रात व्यंजने शाळेतील तक्त्याप्रमाणे वर्गवार मांडलेली आहेत. ‘क’वर बोट टेकवताच त्याभोवती का, कि, की, कु अशी रूपे चक्राकार उमटतात, हव्या त्या रूपाकडे बोट सरकवून उचलले की ते अक्षर लिहिले जाते. केवळ ‘क’ हवा असल्यास बोट तिथेच उचलायचे. जोडाक्षरासाठी चक्रातून ‘क्’ निवडला की कळींवरच संभाव्य जोडाक्षरे दिसू लागतात. सुटी वेलांटी शोधण्याऐवजी पूर्ण अक्षर ओळखणे एवढेच काम लिहिणाऱ्याकडे राहते, आणि बाराखडी घोकलेल्या पिढ्यांना ते आधीच येत असते.

मर्यादा

देवनागरीतील वर्णसंख्या मोठी असल्याने लहान पडद्यावर कळी बारीक होतात. चक्र बोटाच्या स्पर्शावर आणि सरकण्यावर आधारलेले असल्याने संगणकाच्या साध्या कळफलकावर ही पद्धत जशीच्या तशी नेता येत नाही. तसेच रोमन कळफलकाची सवय जडलेल्यांना मांडणी बदलताना सुरुवातीला वेग गमवावा लागतो.