वर्ध्याची प्रायमरी: पक्षातल्या मतदानाचा अर्थ कोणी लावायचा?

लोकसभेचे तिकीट आपल्याकडे कसे मिळते, हे विदर्भातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. इच्छुक अर्ज करतात, निरीक्षक येऊन जातात, दोन-तीन नावे मुंबईला जातात, तिथून दिल्लीला, आणि शेवटी एबी फॉर्म ज्याच्या हाती पडतो तो उमेदवार. पण २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर नागपूरच्या शेजारच्या वर्धा मतदारसंघात काँग्रेसचे तिकीट चक्क मतदानाने ठरले. पक्षाच्याच माणसांनी मते दिली, ती मोजली गेली आणि जिंकलेल्याला उमेदवारी मिळाली. अमेरिकेत ज्याला प्रायमरी म्हणतात तो प्रकार सेवाग्राम-पवनारच्या परिसरात घडला, ही भारतीय निवडणुकांच्या इतिहासातली एक नवलाची नोंद आहे. नागपूर विभागात तिची आठवण फार कमी काढली जाते, याचे मला वाईट वाटते.

कल्पना राहुल गांधींची. ते तेव्हा काँग्रेसचे उपाध्यक्ष होते. देशभरातले पंधरा-सोळा मतदारसंघ प्रायोगिक म्हणून निवडले गेले आणि महाराष्ट्रात वर्धा व लातूर येथे मतदान झाले. मतदार कोण? पक्षाचे पदाधिकारी, युवक काँग्रेस, महिला काँग्रेस यांसारख्या संघटनांचे पदाधिकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत पक्षातर्फे निवडून आलेले सदस्य. साध्या सदस्याला मत नव्हते, सामान्य नागरिकाला तर नव्हतेच. वर्ध्यात सामना झाला सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. सागर हे तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र, आणि मेघे घराण्याचा शैक्षणिक संस्थांचा पसारा नागपूर-हिंगण्यापासून सावंगीपर्यंत पसरलेला. चारुलता या प्रभा राव यांच्या कन्या. प्रभाताई १९९९ मध्ये याच मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या होत्या, पुढे राज्यपालही झाल्या. मतमोजणीत सागर मेघे जिंकले.

वाद सुरू झाला तो इथून. प्रयोगाच्या बाजूचे म्हणत होते की बंद खोलीतला निर्णय पहिल्यांदाच उघड्यावर आला, हरलेल्यालाही आपण का हरलो हे आकड्यांत दिसले. विरोधातल्यांचा आक्षेप होता की घराणेशाही मोडायला काढलेल्या वाटेवर दोन राजकीय वारसच समोरासमोर उभे राहिले. शिवाय पदाधिकारी ज्याने नेमले, मते त्यालाच पडणार. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. मला दुसरा आक्षेप अधिक वजनाचा वाटतो, कारण तो कोणा एका माणसाविरुद्ध नसून यादीविरुद्ध आहे. वर्धा लोकसभा मतदारसंघात तेव्हा पंधरा लाखांहून अधिक मतदार होते. वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट यांच्याबरोबर अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे विधानसभा मतदारसंघही त्यात येतात. विदर्भातल्या निवडणुकीची चर्चा कुणबी-तेली गणिताशिवाय पुरी होत नाही, कापूस आणि सोयाबीनच्या भावाशिवायही नाही. पदाधिकाऱ्यांच्या यादीत या सगळ्याचे प्रतिबिंब कितपत पडणार?

१० एप्रिलला विदर्भात मतदान झाले, १६ मे रोजी निकाल लागला. भाजपचे रामदास तडस, देवळीचे आणि कुस्तीच्या आखाड्यातून राजकारणात आलेले, २,१५,७८३ मतांनी विजयी झाले. लगेच निष्कर्ष निघाला की प्रायमरी फसली. पण हा निष्कर्ष शेजारच्या मतदारसंघांकडे न पाहता काढलेला होता. नागपुरात प्रायमरी झाली नव्हती. तिथे काँग्रेसचे अनुभवी खासदार विलास मुत्तेमवार नितीन गडकरींकडून २,८४,८२८ मतांनी हरले. रामटेकमध्येही प्रायमरी नव्हती, आणि तिथे मुकुल वासनिकांसारखे केंद्रीय पातळीवरचे नेते शिवसेनेच्या कृपाल तुमाने यांच्यापुढे सुमारे पावणेदोन लाखांनी मागे पडले. वर्ध्याचा फरक या दोहोंच्या मधला. त्या वर्षी काँग्रेसला महाराष्ट्रात नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा मिळाल्या, देशात ४४. एवढ्या मोठ्या लाटेत प्रायमरीने पक्षाला तारलेही नाही आणि बुडवलेही नाही. वर्ध्याच्या आकड्यांतून प्रामाणिकपणे एवढेच निघते.

पुढच्या घटना मात्र विचारात पाडणाऱ्या आहेत. निकालानंतर काही आठवड्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सागर यांचे बंधू समीर मेघे नागपूर जिल्ह्यातल्या हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. म्हणजे ज्या घराण्याच्या बाजूने काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांनी कौल दिला, ते घराणे वर्ष संपायच्या आत काँग्रेसमध्ये उरले नव्हते. प्रायमरीत हरलेल्या चारुलता टोकस मात्र पक्षात राहिल्या. २०१९ मध्ये त्यांना वर्ध्याची उमेदवारी मिळाली, आणि त्याही तडसांकडूनच १,८७,१९१ मतांनी हरल्या. तेव्हा पक्षाने प्रायमरी घेतली नव्हती. प्रायमरीचे दोन्ही उमेदवार पाच वर्षांच्या अंतराने एकाच प्रतिस्पर्ध्याकडून पराभूत झाले, असा योग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

त्याच प्रयोगात बडोद्याला वेगळेच घडले. तिथली प्रायमरी नरेंद्र रावत यांनी जिंकली. मग भाजपने नरेंद्र मोदींना बडोद्यातून उभे केले, तेव्हा काँग्रेसने रावत यांना बाजूला ठेवून मधुसूदन मिस्त्री यांना उतरवले. मोदी पाच लाख सत्तर हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. लढत मोठी झाली म्हणून कार्यकर्त्यांचा कौल एका निर्णयात बदलला गेला. मतदान पक्षाने घेतले होते आणि त्याला किती किंमत द्यायची हेही पक्षश्रेष्ठींनीच ठरवले.

हे दुखणे नवे नाही, आणि नागपूर-वर्ध्याशी त्याचे नाते फार जुने आहे. काँग्रेसमध्ये मोजून-मापून प्रतिनिधी निवडण्याची व्यवस्था उभी राहिली ती नागपुरातच. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनाचे अध्यक्ष होते सी. विजयराघवाचारियर आणि स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले होते. आजच्या काँग्रेसनगर वस्तीच्या नावात त्या अधिवेशनाची खूण उरली आहे. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्याच अधिवेशनाने स्वीकारलेली नवी घटना मात्र फारशी कोणाला आठवत नाही. वर्षाला चार आणे वर्गणीचे सदस्यत्व, भाषावार प्रांतिक समित्या, पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी, आणि वर रोजचा कारभार पाहणारी छोटी कार्यकारिणी, असा तो आराखडा होता. खेड्यातल्या चार आणेवाल्या सदस्यापासून अध्यक्षापर्यंत जाणारी शिडी इथे बांधली गेली.

त्या शिडीची खरी परीक्षा झाली १९३९ मध्ये. २९ जानेवारीला अध्यक्षपदासाठी प्रांतोप्रांती मतदान झाले. सुभाषचंद्र बोस यांना १,५८० मते पडली, पट्टाभि सीतारामय्या यांना १,३७७. फरक २०३ मतांचा. मोजणीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. भांडण झाले ते निकालाच्या अर्थावरून, आणि त्याची तयारी मतदानाआधीच झाली होती. सुभाषबाबूंची भूमिका अशी की काँग्रेसचा अध्यक्ष आता पंतप्रधानासारखा किंवा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा आहे, तो आपले सहकारी स्वतः नेमतो, म्हणून त्याची निवडणूक कार्यक्रमावर लढली जावी. याला वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, शंकरराव देव आणि पुन्हा जमनालाल बजाज यांच्यासह कार्यकारिणीच्या सदस्यांनी जाहीर उत्तर दिले. त्यांच्या मते अध्यक्ष म्हणजे सभेचा अध्यक्ष, संघटनेच्या ऐक्याचे प्रतीक. धोरण ठरवायचे ते महासमितीने आणि कार्यकारिणीने. एकाच मतपत्रिकेकडे एक बाजू धोरणावरचा कौल म्हणून पाहत होती, दुसरी बाजू फक्त एका पदावरची नेमणूक म्हणून.

निकालानंतर गांधीजींनी हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला अधिक असल्याचे जाहीर केले. हे वाक्य सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात त्यांनी काँग्रेसच्या नोंदवह्यांत बोगस सदस्य फार झाले आहेत अशी चिंताही व्यक्त केली होती, आणि ती आज अधिक आठवायला हवी. २२ फेब्रुवारीला वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक बोलावली होती. आजारी सुभाषबाबू येऊ शकले नाहीत आणि बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले. हा भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तिथे गोविंदवल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला: नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. सहा आठवड्यांपूर्वी ज्या प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना निवडले, त्यांच्याच अधिवेशनाने त्यांचे हात बांधले. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला आणि ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा केली. जून १९४० मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे अखिल भारतीय अधिवेशन नागपुरातच भरले. पट्टाभि पुढे १९४८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९५२ ते १९५७ मध्य प्रदेशचे राज्यपाल होते; त्यातली बहुतेक वर्षे राज्याची राजधानी नागपूर होती. हरलेला उमेदवार नागपूरच्या राजभवनात राहिला, जिंकलेल्याला पक्ष सोडावा लागला. १९५० मध्येही असेच काहीसे झाले. नाशिक अधिवेशनासाठी पुरुषोत्तमदास टंडन यांनी कृपलानींना हरवून अध्यक्षपद जिंकले. वर्षभरात नेहरूंशी न जमल्याने त्यांना ते सोडावे लागले.

अमेरिकेतही निकाल एक आणि त्याचा अर्थ दुसरा, असे झालेले आहे. तिथे विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये प्रायमरीचा कायदा केला तो पक्षातल्या पुढाऱ्यांच्या हातून उमेदवारी काढून मतदारांकडे द्यावी म्हणून. १२ मार्च १९६८ रोजी न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के. जॉन्सन जिंकले होते, तरी देशाने तो त्यांचा पराभव मानला आणि महिना संपायच्या आत त्यांनी पुन्हा उभे न राहण्याची घोषणा केली. त्या वर्षी उमेदवारी मात्र एकही प्रायमरी न लढलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना मिळाली. त्यावर पक्षात इतका संताप उसळला की डेमोक्रॅटिक पक्षाला आपले नियमच बदलावे लागले, आणि १९७२ पासून प्रायमरीचा निकाल खऱ्या अर्थाने निर्णायक झाला. आपल्याकडे असा संताप ना त्रिपुरीनंतर नियमांपर्यंत पोचला, ना बडोद्यानंतर.

ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी पुन्हा मतदान झाले. शशी थरूर यांनी प्रचाराची सुरुवात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून केली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मते, थरूर यांना १,०७२ आणि ४१६ मते बाद. एका बाजूने हा निर्विवाद कौल म्हटला गेला. दुसऱ्या बाजूने असे सांगितले गेले की श्रेष्ठींचा कल सगळ्यांना माहीत असताना हजारावर प्रतिनिधींनी वेगळे मत दिले, ही मोठी गोष्ट आहे. मी दुसऱ्या बाजूचा. गुप्त मतदानात नाराजी कमी असली तरी ती मोजता येते, आणि मोजलेल्या नाराजीची दखल घेणे नेत्याला सोपे जाते. भाजपची रीत वेगळी आहे. तिथे राष्ट्रीय अध्यक्ष सहमतीने ठरतो, मतमोजणीची वेळ येत नाही. नागपूरचेच नितीन गडकरी २००९ ते २०१३ असे अध्यक्ष होते. २०१३ मध्ये त्यांच्या जागी राजनाथसिंह आले तेही मतदानाविना. ही रीत पक्षाला एकसंध ठेवते असे तिचे समर्थक सांगतात, आणि निवडणुकांतले यश दाखवतात. यश खरे आहे. पण तिकीट किंवा पद न मिळालेल्या कार्यकर्त्याला आपल्या मागे किती जण होते हे कधीच कळत नाही, हेही तितकेच खरे.

एक गोष्ट मतदारांनी ध्यानात ठेवावी. उमेदवार कसा निवडावा याबद्दल आपला कायदा पक्षांना काहीही सांगत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते आणि निवडणूक आयोग संघटनेच्या निवडणुकांची माहिती मागतो. तिकिटाचा निर्णय मात्र अधिकृत स्वाक्षरीच्या एबी फॉर्मवर सुटतो. प्रायमरी जिंकलेल्याला ती स्वाक्षरी मिळवून देणारी कोणतीही सोय नाही.

२०२४ मध्ये वर्ध्याची जागा आघाडीच्या वाटपात शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे यांनी पक्ष बदलून तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हावर ती लढवली आणि तडसांना ८१,६४८ मतांनी हरवले. या विजयाकडे बोट दाखवून प्रायमरीची गरज नाही असे म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. पक्ष कोणताही असो, वर्ध्याचा प्रयोग नागपूर विभागात पुन्हा व्हायला हवा. त्यात किमान वर्षभर जुन्या प्रत्येक सदस्याला मत असावे, यादी महिनाभर आधी गावोगावी लावावी, आणि जिंकलेल्याला एबी फॉर्म दिला जाईल हे मतदानाआधी लेखी जाहीर करावे. यातली एकही अट खर्चिक नाही. आपल्या भागातल्या पदाधिकाऱ्याकडे वाचकांनी या तीन गोष्टी मागाव्यात.