सोन्याच्या शिरा कशा बनतात?

मुंबई-हैदराबाद रस्त्यावरील मन्नाएखेळ्ळीच्या परिसरात जमीन खणली की कोठे तांबडा जांभा लागतो, कोठे काळा फत्तर. तेथून सुमारे १८० किलोमीटर दक्षिणेस, रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे मात्र आजही सोन्याची खाण चालते. एकाच पठारी मुलखात असा भेद का, हे समजण्यासाठी बरेच खोल जावे लागते.

हट्टीभोवती आज उंच पर्वत नाहीत. परंतु सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी तेथे भूकवचाचे तुकडे एकमेकांवर रेटले जाऊन पर्वत उभे राहिले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. ते केव्हाच झिजून गेले. राहिली ती त्यांची मुळे. आणि अशा सोन्याचे घर पर्वताच्या माथ्यावर नव्हे, मुळांतच असते.

सोने तसे सर्वच खडकांत असते; पण टनामागे काही मिलिग्रॅम, इतके अल्प. खाण परवडायची तर ते निदान हजारपटीने एकवटले पाहिजे. हे काम पाणी करते. पर्वत घडताना खडक कित्येक किलोमीटर खोल दडपले जातात. उष्णतामान पाचशे अंशांच्या आसपास गेले की त्यांच्या खनिजांत बद्ध असलेले पाणी सुटते. त्यात गंधक असतो. त्याच्या संगतीने सोने विरघळते आणि भेगांवाटे वर चढू लागते. वाटेत लोहयुक्त खडक भेटला की गंधक लोखंडाला जाऊन मिळतो, त्याचे माक्षिक बनते आणि सोबत सुटलेले सोने तेथेच बसते. भूकंपाने भेग एकाएकी उघडून दाब उतरला, तरी परिणाम तोच. सोन्याबरोबर गारगोटीची पांढरी शीर साचते. हट्टीच्या प्राचीन खाणकऱ्यांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी असाच माग काढून शेकडो फूट खोल मजल मारली होती. ती कशी, याचे आजही नवल वाटते!

मन्नाएखेळ्ळीचा काळा फत्तर हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पर्वताच्या दडपणातून तो कधी गेलाच नाही. विहिरीच्या खोदाईत निघणारे चमकदार खडे बहुधा गारगोटीचे वा झिओलाइटचे असतात. त्यांच्या भरवशावर कोणी पैसा ओतू नये.

तथापि, लाव्हा म्हणजे तळ नव्हे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे भोक पाडले, तेव्हा ३३८ मीटरांखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. तशा खडकात कोठे सोन्याच्या शिरा असल्याच, तर त्या गाठण्यासाठी आधी वरचा सारा लाव्हा भेदावा लागेल. कोलारची खाण तर उघड्या खडकातच होती. ती तीन किलोमीटरांहून खोल गेली आणि खर्च परवडेना म्हणून २००१ मध्ये बंद झाली.